कापडाचं विमान आणि रंगाचे थर

(इयत्ता ५ वी ते ७ वी | पूरक पाठ | सामान्य विज्ञान व कार्यानुभव)



आमची शाळा घाटकोपरला, टेकडीच्या पायथ्याशी. विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात. इतकी खाली की बाहेर आलेली चाकंसुद्धा दिसतात. नवीन मुलांना चार दिवस गंमत वाटते, नंतर कोणी वर बघतही नाही. यंदा 'हवा' हा घटक शिकवताना मी सहज बोलून गेले, "पूर्वी विमानांना कापड लावायचे, कापड!" वर्ग एकदम गप्प. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग ते पावसात भिजणार नाही का?" लगेच दुसरी मुलगी म्हणाली, "आमच्या पत्र्यावरची निळी ताडपत्री एका उन्हाळ्यात चुरा होते. विमानाचं कापड कसं टिकतं?"

प्रश्न दोन, पण उत्तर एकच. ते उत्तर म्हणजे रंग. आजचा पाठ त्यावरच आहे.

रंग कशासाठी?

मुलांना आधी हाच प्रश्न विचारला. सगळे म्हणाले, "छान दिसण्यासाठी!" साहजिकच आहे. २०१७ साली 'चल रंग दे' उपक्रमात आमच्या असल्फ्याच्या टेकडीवरची घरं रंगवली गेली, ती मेट्रोतून जाताना किती सुंदर दिसतात! पण खिडकीच्या लोखंडी गजांना आपण रंग देतो, तो फक्त शोभेसाठी का? गज गंजू नये म्हणूनही देतो. म्हणजे रंग शोभा देतो आणि रक्षणही करतो. कापडाच्या विमानात तर रक्षण आधी, शोभा सगळ्यात शेवटी.

कापडाचं विमान खरंच असतं?

हो, असतं. १९०३ साली राइट बंधूंनी उडवलेल्या पहिल्या विमानाच्या पंखांवर साधं मलमलीसारखं सुती कापड होतं. त्यावर रंगही नव्हता. ते विमान त्या एकाच दिवशी चार वेळा उडालं, पुन्हा नाही. पण रोज उन्हापावसात उभं राहणारं विमान हवं असेल, तर नुसतं कापड चालत नाही.

आपल्या मुंबईचं उदाहरण बघा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले. त्यांचं 'पस मॉथ' हे छोटं विमान आतून पोलादी नळ्या आणि लाकूड, वरून ताणून बसवलेलं रंगवलेलं कापड, असंच होतं. पावसाळ्यात जुहूची जमीन चिखलाने भरायची, म्हणून ही टपालसेवा तेवढे महिने पुण्याला हलवावी लागे. मुंबईचा पाऊस तेव्हाही असाच होता!

दुसरं उदाहरण 'पुष्पक'चं. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात तयार झालेलं हे दोन आसनी विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा उडालं. त्यालाही कापडाचंच आवरण होतं. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांतले कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. ते विमान ज्यांच्या नेतृत्वाखाली घडलं ते डॉ. विष्णू माधव घाटगे मराठी होते. जर्मनीत गटिंगेनला प्रांटल या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती.

परदेशात आजही अनेक हौशी लोक घराच्या गॅरेजमध्ये स्वतः विमान बांधतात आणि त्यातल्या पुष्कळ विमानांना कापड लावतात. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. त्याचं आवरण मात्र धातूच्या पत्र्याचं आहे. पण घरी विमान बांधता येतं, हे मुलांना पटायला ते उदाहरण पुरेसं आहे.

कापड बसवायचं कसं?

पतंग आठवा. काड्यांचा सांगाडा, वर कागद. विमानाच्या पंखातही लांब दांडे असतात आणि त्यांना आडव्या, माशाच्या आकाराच्या फासळ्या असतात. त्यावर कापड गुंडाळून कडेने चिकटवतात. पण नुसतं चिकटवून भागत नाही. विमान उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे वरचं कापड फासळीपासून उचललं जायला बघतं. म्हणून मेण लावलेल्या दोऱ्याने, लांब सुईने, कापड प्रत्येक फासळीला शिवून टाकतात. पंख्याचा झोत जिथे लागतो तिथे टाके जवळजवळ घालतात. टाक्यांवर पुन्हा कापडी पट्टी चिकटवतात. पट्टीची कड नागमोडी कापलेली असते, म्हणजे दोरे सुटत नाहीत आणि कड घट्ट चिकटते.

आता कापड ताठ करायचं. इथे दोन प्रकार आहेत.

१) सुती किंवा लिननचं कापड : त्यावर 'डोप' नावाचा द्रव ब्रशने लावतात. त्यातलं थिनर उडून गेलं की मागे राहिलेला पातळ पापुद्रा आकसतो आणि कापडाला ओढून घेतो. वाळलेल्या कापडावर टिचकी मारली की डफासारखा आवाज येतो.

२) पॉलिएस्टरचं कापड : हे इस्त्रीने आकसतं. आधी साधारण १२० अंश सेल्सिअस, मग शेवटी साधारण १७५ अंश. त्याहून जास्त तापवलं तर कापड उलट सैल पडतं, आणखी तापलं तर वितळतं. म्हणून इस्त्रीचं तापमान आधी मोजून घ्यावं लागतं. अंदाजपंचे काम इथे चालत नाही.

थरावर थर

ताठ झालेल्या कापडावर रंगाचे थर ठरलेल्या क्रमानेच द्यावे लागतात.

पहिला थर : कापडाच्या धाग्यांत मुरणारा. हा ब्रशने लावतात, म्हणजे तो धाग्यांना घट्ट धरतो. पण इतका दाबायचा नाही की आतून थेंब लोंबतील. हा थर नीट मुरला नाही तर वरचे सगळे थर एक दिवस पापडासारखे सुटून येतात.

दुसरे थर : चंदेरी. यात ॲल्युमिनियमची बारीक पूड असते. ताडपत्रीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे! उन्हातले अतिनील किरण धाग्याला आतून कमजोर करतात. ॲल्युमिनियमचे बारीक कण एकमेकांवर खवल्यांसारखे बसतात आणि ते किरण अडवतात. पुरेसे थर झाले का, हे बघायची युक्ती सोपी आहे. पंखाच्या आत दिवा लावायचा आणि बाहेरून बघायचं. उजेड दिसला तर अजून थर हवा.

मधल्या थरांना हलक्या हाताने पॉलिश पेपर मारतात. पण फासळीच्या आणि टाक्यांच्या उंचवट्यावर घासलं तर धागाच कापला जातो. वरून रंग दिल्यावर ती जखम कोणाला दिसतही नाही.

शेवटचे थर : लाल, पिवळा, पांढरा, आपल्याला हवा तो रंग. हे स्प्रेगनने मारतात.

यानंतरही एक छोटं काम उरतं. पंखाच्या खालच्या बाजूला पाणी निचरण्यासाठी बारीक भोकं ठेवावी लागतात. बाहेरचं पाणी रंग अडवतो, पण आत जमणारं दव कुठून जाणार? भोक बुजलं तर लाकूड कुजतं, नळी गंजते. रंगाच्या भरात ही भोकं बुजवणं ही मोठीच चूक.

पावसाळ्यात रंग पांढरा का पडतो?

हा भाग मला एका पालकांनी शिकवला. मुलांना मी गृहपाठ दिला होता, "तुमच्या ओळखीत रंगकाम करणारं कोणी असेल तर त्यांना विचारून या, पावसाळ्यात काय अडचण येते?" बरेच हात वर झाले. एक मुलगा मात्र खाली बघत बसला. त्याचे वडील फर्निचरला पॉलिश करतात, हे मला माहीत होतं. वर्गात मी काही बोलले नाही.

शाळा सुटताना ते त्याला न्यायला आले, तेव्हा मीच विचारलं. ते आधी लाजले. "बाई, आमचं काय शिकवायचं?" मग म्हणाले, "जुलैमध्ये लॅकर मारला की धुरकट पांढरा पडतो. गिऱ्हाईक म्हणतं माल खराब आहे. माल खराब नसतो, हवा खराब असते. थिनर लवकर उडतं ना, तेवढ्यात ओल बसते."

विमानाच्या जुन्या डोपमध्येही हेच होतं, कारण मूळ पदार्थ एकच, नायट्रोसेल्युलोज. फर्निचरच्या एन. सी. लॅकरमधलं 'एन. सी.' म्हणजे तेच. दादासाहेब फाळके यांच्या काळातल्या सिनेमाच्या फिल्मही याच पदार्थाच्या असत, म्हणून त्या भडकन पेट घेत. डोपही तसाच पेटतो. त्यामुळे तिथे काडी, बिडी, ठिणगी काही चालत नाही.

विज्ञान असं आहे. थिनर उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातं, म्हणून पृष्ठभाग थंड होतो. थंड बाटलीवर जसं बाहेरून पाणी सुटतं, तसं दमट हवेतलं पाणी त्या थंड, ओल्या थरावर जमतं आणि त्यात मिसळतं. थर पांढुरका होतो. फर्निचर फक्त वाईट दिसतं. विमानात मात्र तो थर कच्चा राहतो आणि कापड नीट ताणलं जात नाही. उपाय दोन : थिनर सावकाश उडेल असं वापरायचं, किंवा कोरड्या दिवसाची वाट बघायची. आमचे पालक म्हणाले, "घाई केली की डबल काम." इतकी नेमकी ओळ मला सुचली नसती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना वर्गात बोलावलं. त्यांनी लॅकर उघडला नाही, वास मुलांना चांगला नाही म्हणून. पांढरी पडलेली एक फळी आणि चांगली वाळलेली एक फळी, एवढंच घेऊन आले. मुलांनी प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडलं.

जास्त रंग म्हणजे चांगला रंग?

नाही. रंगाला वजन असतं. प्रत्येक जादा थर म्हणजे तेवढं जादा ओझं. शिवाय शेपटीकडच्या बिजागरीवर हलणाऱ्या भागांचा तोल बिजागरीच्या मागे साचलेल्या रंगाने बिघडतो. मग वेगात तो भाग फडफडू लागतो, आणि ही फडफड विमान मोडू शकते. म्हणून रंगवल्यावर त्या भागांचा तोल पुन्हा तपासतात.

जुन्या कापडाचीही ताकद मोजतात. ठरावीक जातीच्या नव्या सुती विमान-कापडाची एक इंच रुंद पट्टी ८० पौंड (सुमारे ३६ किलो) ओढ सहन करते. ती ताकद ५६ पौंडांच्या, म्हणजे ७० टक्क्यांच्या खाली गेली की कापड बदलायचंच, वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी!

करून पाहा

साहित्य : भरतकामाच्या दोन रिंगा, जुनं मलमलीचं कापड, पाणी घातलेलं फेविकॉल, ॲक्रिलिक रंग, ब्रश, स्वयंपाकघरातला वजनकाटा, टॉर्च.

१) दोन्ही रिंगांत कापड ताणून बसवा आणि वजन लिहून ठेवा.
२) एका कापडाला फेविकॉलचे दोन पातळ हात द्या. वाळल्यावर रंगाचे दोन हात द्या. प्रत्येक हातानंतर वजन करा.
३) दोन्हींवर टिचकी मारा, फुंकर घाला, पाण्याचा थेंब टाका, मागून टॉर्च धरा. काय फरक दिसतो?
४) वर्तमानपत्राच्या पट्टीचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाका आणि आठ दिवस उन्हात ठेवा. कोणता अर्धा पिवळा पडला?

(शिक्षकांसाठी सूचना : थिनर, लॅकर, स्प्रे वर्गात आणू नयेत.)

आपण काय शिकलो?

• रंग कापडाची छिद्रं बुजवतो, ऊन आणि पाणी अडवतो. डोप कापड ताठही करतो.
• थरांचा क्रम चुकला, तर चूक आत लपते आणि नंतर उघडी पडते.
• दमट हवेत लवकर उडणारं थिनर थर पांढरा पाडतो.
• रंग पुरेसा हवा, जास्त नको.

स्वाध्याय

१) ताडपत्री उन्हात का फाटते? ती टिकवण्यासाठी काय करता येईल?
२) विमानाच्या पंखाखाली भोकं का ठेवतात?
३) तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या कारागिराला भेटा. त्यांच्या कामातली, वरून न दिसणारी एक महत्त्वाची गोष्ट विचारून पाच ओळी लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची वही तपासताना त्या मुलाचं पान आलं. पहिलीच ओळ होती, "माझे पप्पा पॉलिशचं काम करतात आणि त्यांना विमानाचा रंग का बिघडतो ते माहीत आहे." शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या दुरुस्त केल्या आणि खाली 'छान' लिहिलं.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांची निरीक्षणं जरूर कळवा.