शेतावरील पहाऱ्याचे कॅमेरे व त्यांच्या तारेतील वीज

डाळिंब तोडणीस आले किंवा कांदा चाळीत भरला, म्हणजे बागाइतदाराची झोप उडते. विहिरीवरील मोटार व तिची तांब्याची केबल ह्यांची राखण तर बारमाही करावी लागते. म्हणून अलीकडे पुष्कळ शेतकरी बंधूंनी वस्तीवर, चाळीवर व विहिरीवर कॅमेरे बसविले आहेत. राखणदार एका वेळी एकाच बांधावर असतो. कॅमेरे सर्व बांध एकदम पाहतात, हे खरे. परंतु पहारेकरी नेमका रात्रीच झोपत असेल, तर तो असून नसल्यासारखा होय. कॅमेरा दिवसभर चालतो आणि अंधार पडताच बंद पडतो, ही तक्रार वारंवार कानी येते. तिचे कारण काय व दोष कोणत्या क्रमाने शोधावा, हे ह्या पाठात सांगावयाचे आहे. ज्यास पाटाच्या पाण्याचे वाटप समजते, त्यास हा विषय समजण्यास अडचण पडणार नाही.

एकाच तारेतून चित्र व वीज

पूर्वी कॅमेऱ्यास दोन तारा न्याव्या लागत. एक चित्राची व दुसरी विजेची. हल्ली ‘पॉवर ओव्हर इथरनेट’, म्हणजे थोडक्यात पीओई, ह्या पद्धतीने दोन्ही कामे एकाच लॅन केबलीतून होतात. वस्तीवरील पीओई स्विच हा ह्या व्यवस्थेचा मुख्य दरवाजा होय. ह्या पद्धतीचा पहिला प्रमाणित नियम २००३ साली ठरला. त्याचे नाव ८०२.३ एएफ असे आहे. त्याप्रमाणे स्विचाच्या प्रत्येक छिद्रातून जास्तीत जास्त १५.४ वॅट वीज निघते व वाटेतील घट धरून कॅमेऱ्यास १२.९५ वॅट खात्रीने मिळते. २००९ सालच्या ८०२.३ एटी ह्या नियमाने हे आकडे अनुक्रमे ३० व २५.५ झाले. साध्या स्थिर कॅमेऱ्यास पहिला नियम पुरतो. फिरत्या व दूरचे पाहणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यास बहुधा दुसरा लागतो.

स्विच डोळे झाकून वीज सोडीत नाही. पाटकरी जसा मंजुरी पाहिल्यावाचून दार उघडीत नाही, तसा स्विच प्रथम अगदी हलका दाब लावून पलीकडे सुमारे २५ हजार ओहमचा ठरीव रोध आहे की नाही, हे तपासतो. ती खूण पटली, की जोडलेल्या यंत्राचा वर्ग, म्हणजे त्याची विजेची मागणी किती, हे पाहतो आणि नंतरच सुमारे ४८ व्होल्टांची वीज सोडतो. ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. एक, रिकाम्या छिद्रास मल्टिमीटर लावून ४८ व्होल्ट दिसले नाहीत, एवढ्यावरून स्विच बिघडला असे म्हणता येत नाही. ओळख पटल्याखेरीज तेथे वीज येतच नाही. दुसरी, बाजारात ओळख न पाहता सरसकट वीज सोडणारी स्वस्त यंत्रेही मिळतात. त्यांतील २४ व्होल्टांच्या यंत्रावर प्रमाणित कॅमेरा चालू होत नाही आणि ४८ व्होल्टांचे यंत्र भलत्या उपकरणास जोडले, तर ते उपकरण जळू शकते. म्हणून खरेदीच्या वेळी वरील नियमाचे नाव यंत्रावर छापलेले आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

एक उदाहरण

आमच्या परिचयाच्या एका डाळिंब बागाइतदाराने आठ कॅमेरे लावले. विहिरीवरील आठवा कॅमेरा रोज दिवेलागणीस बंद पडे व सकाळी आपोआप चालू होई. कारागिराने प्रथम कॅमेरा बदलला, पुढे तारही बदलली. गुण आला नाही. अशात एका रात्री मोटारीची केबल कापून नेली. रेकॉर्डरात पाहिले, तो विहिरीचे चित्र संध्याकाळी सातलाच थांबलेले. दोन वेळा खर्च करून नेमकी हवी ती रात्र हातची गेली.

दोष कॅमेऱ्यात नव्हता व तारेतही नव्हता. स्विचावर ‘एकूण ६० वॅट’ असे स्वच्छ छापलेले होते. दिवसा प्रत्येक कॅमेरा ५ वॅट घेई. आठांचे ४० झाले. अंधार पडताच कॅमेऱ्यातील डोळ्यास न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडील प्रकाशाचे दिवे लागत व प्रत्येकाची मागणी ८ वॅट होई; आठांचे ६४ झाले. मागणी पुरवठ्याहून वाढली, की स्विच एखादे छिद्र बंद करून बाकीची सांभाळतो आणि पुष्कळ स्विचांत हा प्रसंग शेवटच्या क्रमांकावर येतो. पाट भरून वाहत असता शेपटाकडील शेतकरी कोरडा राहतो, त्यातलाच हा प्रकार.

हा दोष उघड करण्यास एक पैसाही लागला नाही. पहिल्या व आठव्या छिद्रांतील तारांची अदलाबदल केली. त्या रात्री विहिरीचा कॅमेरा चालू राहिला व फाटकावरचा बंद पडला. दोष कॅमेऱ्याबरोबर गेला नाही, छिद्रापाशीच राहिला. अर्थात तो स्विचाच्या बाजूस होता. पुढे १२० वॅटांचा स्विच बसविला आणि तक्रार मिटली. ही अदलाबदल पहिल्याच दिवशी केली असती, तर कॅमेरा, तार व केबल ह्या तिन्हींचा खर्च वाचला असता.

दोष शोधण्याचा क्रम

ह्या उदाहरणातील शिकवण अशी, की वस्तू बदलण्यापूर्वी दोषाची जागा ठरवावी आणि एका वेळी एकच बदल करून पाहावा. त्याचा क्रम येणेप्रमाणे ठेवावा.

१. सर्व कॅमेरे बंद आहेत की एकच, हे प्रथम पाहावे. सर्व बंद असतील, तर बांधावर हिंडण्याचे कारण नाही. दोष स्विच, त्याचा अडॅप्टर किंवा घरची वीज ह्यांत असतो. कमी-अधिक होणाऱ्या दाबाने अडॅप्टर नादुरुस्त होतात. स्विच व रेकॉर्डर हे शेतीपंपाच्या वाहिनीवर न ठेवता घरच्या विजेवर इन्व्हर्टरमागे ठेवावे.

२. एकच बंद असेल, तर त्याची तार चालू असलेल्या छिद्रात घालून पाहावी. चालू झाला, तर छिद्रात किंवा एकूण विजेच्या हिशेबात दोष आहे. न झाला, तर कॅमेरा उतरवून स्विचाजवळ आणावा व हातभर चांगल्या तारेने जोडावा. येथे चालला, तर दोष निश्चित शेतातील तारेत. येथेही न चालला, तर कॅमेऱ्यात.

३. ही परीक्षा कॅमेऱ्याच्या रात्रीच्या स्थितीत घ्यावी. रात्रीची वाट पाहण्याची गरज नाही. कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड काळे कापड बांधले, की त्याचे दिवे लागतात. सर्व कॅमेऱ्यांवर एकदम कापड बांधल्यास भर दुपारी रात्रीचा भार पाहावयास मिळतो.

४. विजेचा हिशेब कागदावर मांडावा. प्रत्येक कॅमेऱ्याच्या पत्रकातील सर्वाधिक वॅट घेऊन बेरीज करावी व ती स्विचाच्या एकूण वॅटांशी ताडून पाहावी. बेरजेवर चौथा हिस्सा तरी शिल्लक असावा. कित्येक स्विच प्रत्यक्ष खर्च न पाहता वर्गाप्रमाणे वीज राखून ठेवतात. अशा ६० वॅटांच्या स्विचावर १५.४ वॅटांच्या वर्गाचे तीनच कॅमेरे बसतात व चौथ्यास नकार मिळतो.

५. तारेची जात पाहावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची लॅन केबल स्वस्त मिळते. तिची तार चाकूने खरवडल्यास आत पांढरी दिसते. खरे तांबे आतपर्यंत तांबडेच राहते. मुलाम्याच्या तारेचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. अरुंद नळीत पाण्याचा जोर जसा घर्षणात जिरतो, तसा अशा तारेत विजेचा दाब जिरतो. १०० मीटर तांब्याच्या तारेतून २५ वॅटांच्या फिरत्या कॅमेऱ्यास वीज देताना ४८ व्होल्टांतून सुमारे ५ व्होल्ट वाटेत जातात. मुलाम्याच्या तारेत ८ व्होल्ट जातात व कॅमेऱ्यापाशी ४० च्या आसपास उरतात. अशा कॅमेऱ्यास किमान ४२.५ व्होल्ट लागतात. मग तो फिरू लागताच बंद पडतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद पडतो.

६. टोके व सांधे तपासावे. केबलीत आठ तारा असतात व चित्र वाहण्यास पुष्कळदा चारच पुरतात. स्विच उरलेल्या चारांतून वीज देणारा असेल व त्या नीट बसल्या नसतील, तर वीज जात नाही. दोन्ही टोकांस पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा एकच क्रम ठेवावा. तपासणीच्या लहान यंत्रावर आठही दिवे लागले, म्हणून निःशंक होऊ नये. ते यंत्र सलगता दाखविते, भार पेलण्याची शक्ती दाखवीत नाही. मध्येच पीळ देऊन चिकटपट्टी लावलेला सांधा तर केव्हाही घात करतो. संशय आल्यास टोक कापून नवे बसवावे.

७. पाणी, उंदीर व वीज पडणे ह्यांची आठवण ठेवावी. कॅमेऱ्याजवळील जोड उघडून पाहावा; सोनेरी पात्यांवर हिरवा गंज दिसल्यास पाणी शिरले आहे. जोडावर जलरोधक टोपी बसवावी व तारेस जोडाच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळावरून गळून जाते. तार नळीतून न्यावी व मोटारीच्या विजेच्या तारेशेजारून नेऊ नये. वळवाच्या पावसानंतर एखादे छिद्र कायमचे बंद पडले, तर आकाशातील विजेचा धक्का बसला असण्याचा संभव असतो. त्यासाठी भूमीस जोडलेला संरक्षक बसवावा.

अंतराची मर्यादा

स्विचापासून कॅमेऱ्यापर्यंत सर्व तुकडे धरून १०० मीटर ही तारेची मर्यादा समजावी. विहीर त्याहून दूर असेल, तर तार लांबवून निभावण्यापेक्षा ऑप्टिकल फायबर टाकून विहिरीवर स्वतंत्र लहान स्विच ठेवणे उत्तम. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही; त्यामुळे धातूची तार जोडीला नसेल, तर एका ठिकाणी बसलेला धक्का त्या वाटेने दुसरीकडे पोहोचत नाही. मात्र तेथील स्विचासाठी विजेची सोय निराळी करावी लागते.

शेवटी एक सूचना. लॅन केबलीतील वीज कमी दाबाची असली, तरी स्विचाच्या अडॅप्टरास येणारी २३० व्होल्टांची वीज प्राणघातक आहे. म्हणून ती बंद केल्याखेरीज अडॅप्टरास हात लावू नये व उंच खांबावर एकट्याने चढू नये.

प्रत्येक कॅमेऱ्याचे छिद्र, तारेची लांबी, तिची जात व कमाल वॅट ही चार कलमे एका वहीत लिहून ती वही स्विचाजवळ टांगून ठेवावी. तसेच तोडणीच्या हंगामापूर्वी एकदा, अंधार पडल्यावर अर्ध्या तासाने, सर्व चित्रे स्वतः पाहावी. पहारेकऱ्याची परीक्षा दिवसा घेऊन चालत नाही. ज्या वेळी चोर येतो, त्याच वेळी तो जागा आहे की नाही, हे पाहिले पाहिजे.