डांस-निवारणार्थ सुगंधी तेलांचा सुरक्षित उपयोग

खानदेशांतील रोशा गवताचें तेल पूर्वीं मुंबई बंदरांतून परदेशीं जात असे. असें रोशाचें किंवा गवती चहाचें तेल अंगास लाविलें असतां डांस दूर राहतात. परंतु तें उडून जाणारें असल्यामुळें त्याचा गुण फार तर एक-दोन तास टिकतो. रात्रीं पिकास पाणी देणारानें तें पुनः लावावें.

वनस्पतिजन्य म्हणून निरुपद्रवी, हा समज मात्र घातक होय. असें तेल अंगास नुसतें लावूं नये. २५० मिलिलिटर खोबरेलांत चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, मिसळावें. हें प्रमाण सुमारें शेंकडा २ होतें. प्रथम हाताच्या आंतील बाजूस थेंबभर लावून २४ तास पाहावें. खाज सुटल्यास तें वर्ज्य करावें. डोळे, ओठ व जखम यांस तें लागूं देऊं नये. तान्ह्या मुलांस तर मुळींच लावूं नये.

निलगिरी तेल किंवा कापूर थोडा जरी पोटांत गेला तरी मुलास आंकडी येऊं शकते. अशा वेळीं ओकारी न करवितां त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें. बाटली कुलुपांत व दिव्यापासून दूर ठेवावी.

हिंवतापापासून खरें रक्षण मच्छरदाणीनें व डबकीं बुजविल्यानें होतें. तेल हें केवळ त्यास साहाय्य होय, हें शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवावें.