ओहोटीतली भरती

मुलुंडच्या आयटीआयमधून फिटर होऊन मी १९९० साली बाहेर पडलो आणि एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात अप्रेंटिस लागलो. आज साकीनाक्याला माझा टूलरूमचा गाळा आहे, आठ माणसांचा. तेव्हापासून जे उमगलं ते असं.

१. अप्रेंटिसचा आकडा ऑर्डरी ठरवतात. आमच्या आधी बारा पोरं होती, आम्ही आठ, पुढच्या वर्षी एकही नाही. अप्रेंटिसचा कायदा मात्र तोच, १९६१चा.

२. कारखान्याबरोबर उस्तादही जातो. भांडुप-मुलुंड पट्ट्यात कारखान्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. पोरांना सिक्युरिटीची, दुकानातली कामं मिळाली, पण हातात हात धरून कानस चालवायला शिकवणारा उरला नाही.

३. तेजीत पोरं टिकत नाहीत. माझ्याकडचा एकजण दोन महिन्यांत पार्सलं पोचवायला गेला. मी चिडलो. नंतर कळलं, घरभाडं थकलं होतं. स्टायपेंड महिनाअखेरीला, डिलिव्हरीचे पैसे आठवड्याला. त्याचं काय चुकलं?

४. स्वस्त मजूर म्हणून पोर घेऊ नये. मला वर्षातले चार महिने पॅकिंगला उभं केलं होतं. खरं शिकलो ते एका उस्तादामुळे. जॉबवर गुण्या लावून ते उजेडासमोर धरायचे. फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की एवढंच म्हणायचे, "परत घास."

५. घ्यायचं तर मंदीत घ्यावं. २०२०च्या लॉकडाउननंतर काम निम्म्यावर होतं, तरी मी दोन पोरं घेतली. शेजारी हसले. पण लेथ रिकामा होता आणि मलाही शिकवायला वेळ होता. कामं परतली तेव्हा शेजारी माणसं शोधत फिरत होते, माझी पोरं मशीनवर उभी होती.

तीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना २०१९पासून अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. आपल्यासारख्या चार ते एकोणतीस माणसांच्या गाळ्यांना ते ऐच्छिक आहे. २०१६ला सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा पाव हिस्सा, महिना दीड हजारापर्यंत, सरकार सोसतं. उरलेला भार आपला, हे खरं. तरीही गाळेवाल्या मित्रांनो, पुढच्या वेळी काम थंडावलं की माणूस कमी करण्याआधी एक पोर घेऊन बघा.