देवाचा वाटा आधी

परमार्थाला निघालेल्या माणसाची पहिली अडचण कोणती म्हणाल, तर वेळ. देव नको असे कोणी म्हणत नाही. परंतु शेत आहे, गुरे आहेत, नोकरी आहे, लेकीचे लग्न आहे. एवढे आटोपले की मग निवांतपणे देवाचे करू, असे आपण म्हणतो. आणि ते काही आटोपत नाही. एक काम संपते न संपते तो दुसरे दारात उभे! देवाच्या वाट्याला येतो तो उरलासुरला वेळ, आणि तोही झोपेने पेंगुळलेला.

ही अडचण आपलीच आहे असे नव्हे. ख्रिस्ती धर्मातील साधकांनीही तिचा पुष्कळ विचार केला आहे, आणि आचरण करून दाखविले आहे. ते आज आपण पाहू. दुसऱ्याच्या अंगणातला दिवाही आपली वाट उजळतो.

प्रथम येशू ख्रिस्ताचेच उदाहरण घ्या. मार्काने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात ही हकीकत आहे. कफर्णहूम गावी सूर्य मावळल्यावर दुखणाईतांची एवढी गर्दी झाली की सारा गाव दाराशी लोटला. दुसऱ्या दिवशी येशू पहाटे अंधारातच उठले आणि एकांतात जाऊन प्रार्थनेला बसले. शिष्य त्यांना शोधीत आले तेव्हा प्रार्थना झालेली होती. काम वाढले म्हणून देवाची वेळ कमी केली नाही. काम वाढले म्हणूनच ती आधी काढली. बघा, आपण बरोबर याच्या उलट करतो.

पुढे सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट झाले. मोंते कासिनोच्या डोंगरावर त्यांनी मठ वसविला आणि मठवासीयांसाठी एक नियमावली लिहिली. तीत दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना सांगितली आहे. प्रार्थनेचा इशारा ऐकू आला की हातातले काम जिथल्या तिथे ठेवून निघायचे. देवाच्या कामापुढे दुसरे काही ठेवायचे नाही. कोणी दूर कामावर असेल तर त्याने तिथेच गुडघे टेकावे. कोणी प्रवासात असेल तर त्यानेही वेळ चुकवू नये. वाटेवर आहे म्हणून नेम सुटला, ही सबबच ठेवली नाही. वारीच्या वाटेने चालणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणि त्याच नियमावलीत आणखी एक बारीक गोष्ट आहे. मठाचा कोठी सांभाळणारा जो असेल, त्याने कोठीतली भांडीकुंडी, हत्यारे-अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत. म्हणजे देव प्रार्थनेपुरता नाही, तो कोठीतही आहे.

हेच एका स्वयंपाक्याने जगून दाखविले. त्यांचे नाव ब्रदर लॉरेन्स. मूळचे लोरेन प्रांतातले निकोलस हर्मन. तरुणपणी सैन्यात होते, लढाईत जखमी झाले आणि पायाने अधू झाले. अठराव्या वर्षी हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड त्यांना दिसले. याला पुन्हा पालवी फुटेल, फुले-फळे येतील, या नुसत्या विचाराने देवाच्या कर्तृत्वाची खूण त्यांच्या मनात कायमची उमटली. पुढे १६४० साली ते पॅरिसच्या कार्मेलाइट मठात गेले. तिथे काम मिळाले ते मुदपाकखान्यातले, आणि त्या कामाचा तर त्यांना मुळात तिटकारा! तरी पंधरा वर्षे ते केले. काम हाती घेताना देवाची मदत मागायची, करताना मनातल्या मनात त्याच्याशी बोलायचे, संपल्यावर आपले आपण तपासायचे. बरे झाले असेल तर आभार. चुकले असेल तर क्षमा मागून, खंत करीत न बसता, पुन्हा कामाला लागायचे. शेवटी अशी स्थिती आली की प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांच्या खडखडाटाची वेळ यांत त्यांना अंतर उरले नाही. १६९१ साली ते वारले. त्यांचे बोल आणि पत्रे जोसेफ द बोफोर यांनी पुस्तकरूपाने मागे ठेवली. ती आजही जगभर वाचली जातात.

आता कोणी म्हणेल, "मग नेम कशाला हवा? काम करता करता स्मरण केले की झाले!" इथेच आपण फसतो. लॉरेन्स मठातल्या नेमाच्या प्रार्थनेला जात होतेच, आणि सुरुवातीची दहा वर्षे आपल्याला फार जड गेली असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ठरलेल्या वेळी ज्याला देव आठवत नाही, त्याला गडबडीत कुठून आठवणार? नेम हे विरजण आहे. ते चमचाभर असते, पण तेच नसेल तर हंडाभर दूध तसेच नासून जाते.

दुसरा म्हणेल, "ते मठातले, आम्ही प्रपंचातले." अहो, शंभर तोंडांचा स्वयंपाक म्हणजे प्रपंचच की! आणि आपले सावतोबा मळ्यात होते, गोरोबा चिखलात होते, जनाबाई जात्यावर होत्या. यांपैकी कोणालाही मोकळा वेळ मिळाला नव्हता.

तेव्हा साधकाने तीन गोष्टी धराव्यात. पहिली, सकाळी दुसऱ्या कोणाचे काम हाती घेण्याआधी थोडा वेळ देवाचा काढावा. थोडा चालेल, पण रोजचा आणि ठरलेला. दुसरी, दिवसातले एक नावडते काम निवडावे आणि ते देवाचे म्हणून करावे. तिसरी, नेम चुकला तर रडत बसू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहावे. नैवेद्य दाखवतो तो जेवण उरल्यावर नव्हे, जेवणाच्या आधी. वेळेचेही तसेच करू या.