आजी, नात आणि रोहिणी : रात्रीच्या आकाशासोबत फोटो काढूया



'तारे' हा पाठ आपण दिवसा शिकवतो. मुलं आकृती काढतात, नावं पाठ करतात, पण रात्री वर बघतातच असं नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यात हा पाठ अंगणात घेता येतो. धान कापणी झाली की बांध्या मोकळ्या होतात, गाव सोडून थोडं पुढे गेलं की अंधार असतो. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा मान मिळाला. म्हणजे काळोखं आकाश हीसुद्धा जपण्याची संपत्ती आहे.

फोटोत तारे का येत नाहीत?

फ्लॅशचा उजेड जेमतेम काही मीटर जातो. चेहरा पांढराफटक दिसतो आणि मागचं आकाश काळं. ताऱ्यांचा प्रकाश अंधुक असल्याने तो कॅमेऱ्यात काही सेकंद साठू द्यावा लागतो. पावसाच्या थेंबांनी बादली भरावी, तसंच हे. मात्र पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकतं. फार वेळ थांबलो तर ताऱ्यांच्या रेषा होतात. छायाचित्रकारांचा ढोबळ नियम असा : ५०० ला लेन्सच्या फोकल लांबीने भागा. मोबाईलची लेन्स साधारण २६ मिमीच्या बरोबरीची धरली तर ५०० ÷ २६ = सुमारे १९ सेकंद. भागाकाराचं हे उदाहरण मुलांकडूनच सोडवून घ्या.

कृती

१. अमावास्येच्या आसपासची निरभ्र रात्र निवडा.
२. ट्रायपॉड नसेल तर मोबाईल विटांना टेकवून, थोडा वर रोखून ठेवा. टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही.
३. 'प्रो' मोडमध्ये वेळ १० ते १५ सेकंद, आयएसओ १६०० आणि फोकस अनंतावर ठेवा. 'प्रो' मोड नसेल तर नाईट मोड वापरा.
४. व्यक्ती तीन-चार मीटरवर उभी करा.
५. फोटो सुरू होताच टॉर्च पांढऱ्या कागदावर मारून परतलेला उजेड चेहऱ्यावर अर्धा सेकंद पाडा आणि बंद करा. थेट डोळ्यांवर टॉर्च मारू नका.
६. उरलेला वेळ व्यक्तीने पुतळ्यासारखं उभं राहायचं. हललं तर अंगातून तारे दिसतात! मुलांना हे एकदा मुद्दाम करून पाहू द्या.

आता खरा पाठ

डिसेंबरच्या शेवटी संध्याकाळी सातला पूर्वेकडे तोंड करा. हात लांब करून धरलेली एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. क्षितिजापासून चार मुठी वर तांबूस रोहिणी दिसेल. ती सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज दिसणारा तिचा प्रकाश ६५ वर्षांपूर्वी निघालेला. घरात पासष्टीच्या आसपासची आजी असेल तर तिला रोहिणीखाली उभी करा. आजीच्या जन्माच्या सुमारास निघालेला प्रकाश आज तिच्याच फोटोत येतो आहे.

जानेवारीच्या मध्यात रात्री साडेआठला आग्नेयेला व्याध चमकतो. तो ८.६ प्रकाशवर्षे दूर, म्हणून हा फोटो तिसरी-चौथीच्या मुलांचा. कृत्तिकांचा प्रकाश तर सुमारे ४४० वर्षांपूर्वीचा, शिवरायांच्या जन्माच्याही आधीचा. 'प्रकाशवर्ष हे अंतराचं एकक आहे' हे वाक्य मग पाठ करून घ्यावं लागत नाही.

आजीला विचारा, "तुमच्या लहानपणी अंगणातून किती तारे दिसायचे?" उत्तर मुलांनी वहीत लिहावं. हल्ली फोटोत खोटं आकाश घालणारी ॲप्सही आहेत. त्यामुळे प्रत्येक फोटोखाली तारीख, वेळ, दिशा आणि ताऱ्याचं नाव लिहायची सवय लावा. खरं आकाश पुन्हा पडताळून पाहता येतं.

काळजी

हा उपक्रम घराच्या अंगणात किंवा शाळेच्या मैदानात, मोठ्यांच्या सोबतीनेच करा. कोका-नागझिऱ्याच्या जंगलालगत किंवा तलावाकाठी रात्री मुलांना नेऊ नका. धुऱ्यावर पाय ठेवण्याआधी टॉर्चने जागा बघा, थंडीचे कपडे घाला. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो ग्रुपवर टाकू नका.

घरचा अभ्यास : घरातील प्रत्येकाचं वय लिहा आणि त्या वयाच्या जवळपास प्रकाशवर्षे दूर असलेला तारा शोधा. अंगणातला दिवा मात्र तेवढा वेळ बंद ठेवा.