पवनारची साधना : कर्मातून आत्मपरिचय

2015 पासून दरवर्षी 21 जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून पाळला जातो. शाळांच्या पटांगणांवर व कार्यालयांच्या आवारांत त्या दिवशी आसने व प्राणायाम होतात. शरीरस्वास्थ्यासाठी हा अभ्यास इष्टच आहे. परंतु योग या शब्दाचा भारतीय परंपरेतील अर्थ याहून व्यापक आहे. चित्तावरील बाह्य आवरणे दूर करून स्वतःच्या मूळ स्वरूपाची ओळख करून घेणे, हे त्याचे उद्दिष्ट. ही ओळख करून घेण्यासाठी कामधाम सोडावे लागते काय, या प्रश्नाचे उत्तर वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे आचार्य विनोबा भावे यांनी प्रत्यक्ष आचरणातून दिले.

त्यागाचा संकल्प

महात्मा गांधींच्या आज्ञेवरून विनोबा 1921 मध्ये वर्ध्याच्या आश्रमाची धुरा सांभाळण्यासाठी आले. पुढे नालवाडी येथे सूतकताईच्या मजुरीवर उदरनिर्वाह करण्याचा कठोर प्रयोग त्यांनी केला. 1938 मध्ये त्यांची प्रकृती अत्यंत क्षीण झाली. हवापालटासाठी त्यांनी थंड हवेचे ठिकाण न निवडता जमनालाल बजाज यांचे धाम नदीकाठचे पवनार येथील निवासस्थान निवडले. नदीवरील पूल ओलांडताना, आपण सर्व त्यागले आहे, असा संकल्प त्यांनी उच्चारला. संस्थांची चिंता, कार्याचा भार, फलाची अपेक्षा ही सारी त्यांनी मनातून उतरवून ठेवली. त्यानंतर ते शेतात थोडा थोडा वेळ खणण्याचे काम करू लागले आणि काही महिन्यांत प्रकृती सुधारली. म्हणजे त्यांनी टाकले ते कर्म नव्हे, तर कर्माचे ओझे.

गीतेतील मार्ग

या आचरणामागील विचार विनोबांनी 1932 मध्येच धुळे तुरुंगात मांडला होता. तेथील त्यांची गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. बाहेरचे काम म्हणजे कर्म. त्या कामाला चित्तशुद्धीसाठी दिलेली आंतरिक जोड म्हणजे विकर्म, असा अर्थ त्यांनी लावला. हात कामात आणि मन अन्यत्र असेल, तर काम यांत्रिक होते व करणारा थकतो. मनाची जोड मिळाली की त्याच कामाचा भार नाहीसा होतो, हेच अकर्म. ध्यानयोगासाठीही त्यांनी तीन गोष्टी आवश्यक मानल्या : चित्ताची एकाग्रता, जीवनाची परिमितता आणि समदृष्टी. अभ्यास व वैराग्य यांचे साहाय्य घेऊन त्या साधावयाच्या असतात.

भरताचा आदर्श

याच प्रवचनांत राम-भरत भेटीचे एक हृद्य चित्र विनोबांनी उभे केले होते. एक वनात राहिला, दुसऱ्याने राज्यकारभार पाहिला. तरी तपाने दोघे इतके सारखे झाले की वनातून आलेला कोणता हे ओळखू येऊ नये. पुढे पवनारच्या शेतात खणताना राम-भरत भेटीचे प्राचीन शिल्प हाती आले. आश्रमात त्याची स्थापना झाली. प्रशासनाचे काम करणाऱ्यांसाठी हा आदर्श विशेष अर्थपूर्ण आहे. भरताने अधिकार नाकारला नाही. तो स्वतःचा मानला नाही, एवढेच.

सामूहिक साधना

1959 मध्ये विनोबांनी पवनार येथे भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. प्रार्थना, मौन व अध्ययन यांबरोबर शेती, सफाई आणि सूतकताई यांना तेथील साधनेत समान स्थान मिळाले. निर्णय बहुमताने न घेता सर्वसंमतीने घ्यावेत, अशी तेथील रीत. मतभेदाच्या वेळी स्वतःचा आग्रह तपासून पाहावा लागतो. म्हणून ही रीतसुद्धा आत्मपरीक्षणाचाच एक अभ्यास ठरते. 15 नोव्हेंबर 1982 रोजी विनोबांनी पवनार येथेच देह ठेवला.

नित्य जीवनातील उपयोग

शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य वा अधिकारी यांना नदीकाठचा एकांत क्वचितच लाभतो. तथापि दिवसाअखेरीस काही क्षण शांत बसून तीन गोष्टी पाहता येतात. आज हातातील कामात मन होते काय? बोलणे, आहार व खर्च यांत प्रमाण राखले गेले काय? दाराशी आलेला सधन व निर्धन यांना सारख्याच आदराने वागविले काय? प्रारंभी उत्तरे अप्रिय वाटतील. पण पद, मान आणि राग यांच्याआड दडलेला माणूस त्याच उत्तरांतून स्वतःला दिसू लागतो, आणि त्याच्या हातून होणारी लोकसेवाही अधिक निर्मळ होते.