भंगारातला टर्बो आणि हवेचं गणित

मेसमध्ये सध्या एकच विषय आहे. थर्ड इयर मेकॅनिकलच्या चार पोट्ट्यांनी प्रोजेक्टसाठी जुनी, कार्बोरेटरवाली मारुती ८०० घेतलीय आणि भंगारात एका ट्रकचा टर्बो बघून ठेवलाय. वर्गणीही सुरू झाली. "काहून बसणार नाही भाऊ? नट-बोल्टानंच तर बसवायचा हाय!" असं मला ऐकवलं गेलं. बसेल की. पण पैसे मोजण्याआधी हवा मोजा, एवढंच माझं म्हणणं.

साध्या इंजिनात बाहेरचा दाब जेवढी हवा ढकलेल तेवढीच आत जाते. मलकापूरहून येताना मोताळा मागे पडलं की राजूर घाट लागतो. भरलेली जुनी डिझेल जीप तिथे कशी रडत चढते ते आपण पाहिलंच आहे. चढ तर आहेच, पण वर बुलढाण्याला समुद्रसपाटीपेक्षा हवेचा दाबही सात-आठ टक्के कमी. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून ही हवा कोंबायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. त्याचं पेटंट १९०५ चं.

आता गणित. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, फोर स्ट्रोक. म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा घेणार. ३००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त १२०० लिटर. ट्रकचं पाच-सहा लिटरचं इंजिन २००० आरपीएमलाच ५००० लिटरच्या वर हवा घेतं. त्याच्या मापाचा टर्बो आपल्या चिमुकल्या धुरावर फिरणार कसा? उलट वाटेतला अडथळा होऊन बसेल.

समजा योग्य मापाचा मिळाला आणि अर्धा बार बूस्ट दिला. दाब दीडपट, म्हणून हवाही दीडपट असं वाटतं. तसं नाही! हवा दाबली की तापते. शेगावच्या मे महिन्यातली ४५ अंशांची हवा, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर बाहेर पडताना साधारण १०५ अंशांवर जाते. केल्विनमध्ये मांडून बघा: १.५ गुणिले ३१८ भागिले ३७८. हाती आले १.२६. म्हणजे पन्नास टक्क्यांची आशा, पदरात सव्वीस. इंटरकूलर लावून तीच हवा ६५ अंशांवर आणली तर एकेचाळीस टक्के. इंटरकूलर शोभेसाठी नसतो तो असा.

खरा धोका पेट्रोलमध्ये. तापलेलं मिश्रण सिलिंडरमध्ये आणखी दाबलं जातं आणि ज्वाला पोचायच्या आधीच उरलेला भाग आपोआप पेटतो. हेच नॉकिंग. ते चालू राहिलं तर पिस्टन फुटतो, हेड गॅस्केट जातं. म्हणून कॉम्प्रेशन रेशो कमी करावा लागतो, स्पार्कचं टायमिंग मागे घ्यावं लागतं, इंधन वाढवावं लागतं. सुझुकीने १९८७ मध्ये जपानात ५४३ सीसीच्या अल्टो वर्क्समधून ६४ हॉर्सपॉवर काढले. पण ते इंजिन कंपनीनेच टर्बोसाठी तयार केलं होतं.

डिझेलचं काम त्या मानाने सोपं, कारण तिथे नुसती हवाच दाबली जाते. टाटांनी इंडिकाचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन पुढे टर्बोसह दिलं. साध्या इंजिनाचे सुमारे ५३ हॉर्सपॉवर होते, टर्बोवाल्याचे साठच्या वर गेले. कारखान्याचा हात लागूनही एवढंच! भंगारातल्या टर्बोकडून दुप्पट मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तेलाकडे मात्र कोणीच बघत नाही. लहान टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेलाच्या थरावर तरंगत. परतीचा पाइप जाड आणि सरळ खाली उतरणारा हवा. वाकडा ठेवला की तेल तुंबून सीलमधून गळतं आणि गाडी निळा धूर सोडते.

शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ आहेच. नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा पोट्टेहो, इंजिन गाडीतून उतरवा, लॅबमध्ये डायनॅमोमीटरवर चढवा. आधी टर्बोशिवाय रीडिंग घ्या, मग छोटा टर्बो लावून पाव बारपासून सुरुवात करा. थर्मोकपल धुराच्या नळीत पहिल्या दिवसापासून हवं. ते माझ्याकडे आहे, रूमवर येऊन घेऊन जा.